कोव्हिड-१९ आणि पूरक प्रणाली

कोव्हिड-१९ मधील पूरक प्रणालीचा प्रतिसाद म्हणजे सार्स-कोव्ह-२ या कोरोनाविषाणूच्या संसर्गानंतर रुग्णाच्या रक्तातील व ऊतींमधील पूरक प्रथिने कार्यान्वित होण्याची प्रक्रिया होय. पूरक प्रणाली हा जन्मजात प्रतिकारक्षमतेचा एक प्राचीन घटक आहे. संसर्गाच्या आरंभी ती विषाणूला ओळखून त्याचा नाश करण्यास मदत करते. मात्र ती दीर्घकाळ व अनियंत्रितपणे कार्यरत राहिल्यास फुप्फुसे, रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर आणि मूत्रपिंडे यांना इजा होते. तीव्र कोव्हिड-१९ मधील श्वसननिकामी अवस्था आणि रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती यांमागे इतर कारणांसोबत पूरक प्रणालीचा हा अतिरेकही असतो, असे इ.स. २०२० पासून झालेल्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

पार्श्वभूमी

पूरक प्रणालीचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागला. प्रतिपिंडे असलेला रक्तरस सुमारे ५६ अंश सेल्सियसपर्यंत तापवला असता त्याची जीवाणू नष्ट करण्याची क्षमता जाते आणि त्यात न तापवलेला ताजा रक्तरस मिसळला की ती परत येते, असे बेल्जियन शास्त्रज्ञ झ्यूल बोर्दे यांनी दाखवले. यावरून प्रतिपिंडांच्या कार्याला पूर्णत्व देणारा, उष्णतेने नष्ट होणारा दुसरा घटक रक्तात असल्याचे सिद्ध झाले. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिच यांनी या घटकाला ‘पूरक’ या अर्थाचे नाव दिले. बोर्दे यांना १९१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा एकच पदार्थ नसून रक्तद्रवातील व पेशींच्या पृष्ठभागावरील तीसहून अधिक प्रथिनांचा समूह आहे, हे पुढे स्पष्ट झाले. यांतील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात आणि निष्क्रिय स्वरूपात रक्तात फिरत असतात. एका प्रथिनाचे विभाजन झाले की ते पुढच्या प्रथिनाचे विभाजन करते. त्यामुळे अल्पशा संकेतातून काही मिनिटांत मोठा प्रतिसाद उभा राहतो.

कार्यपद्धती

पूरक प्रणाली तीन मार्गांनी कार्यान्वित होते :

• अभिजात मार्ग : विषाणूला चिकटलेल्या प्रतिपिंडांना सी१क्यू हे प्रथिन जोडले जाऊन हा मार्ग सुरू होतो.
• लेक्टिन मार्ग : सूक्ष्मजीवाच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करारचना मॅनोज-बंधक लेक्टिन व फायकोलिन ही प्रथिने ओळखतात. त्यांच्याशी संलग्न असलेले मास्प-२ हे विकर पुढील क्रिया घडवते.
• पर्यायी मार्ग : सी३ हे प्रथिन रक्तात सतत अल्प प्रमाणात आपोआप सक्रिय होत असते. सक्रिय झालेला अंश संरक्षण नसलेल्या पृष्ठभागावर पडला की घटक बी व घटक डी यांच्या साहाय्याने हा मार्ग वेग घेतो. इतर दोन मार्गांनी सुरू झालेला प्रतिसादही याच मार्गाने वाढवला जातो.

तिन्ही मार्ग सी३च्या विभाजनापाशी एकत्र येतात. त्यातून निघालेला सी३बी हा मोठा तुकडा सूक्ष्मजीवाला चिकटून भक्षक पेशींसाठी खुणेचे काम करतो, तर सी३ए हा लहान तुकडा दाह वाढवतो. पुढे सी५चे विभाजन होऊन सी५ए आणि सी५बी तयार होतात. सी५ए हा पांढऱ्या पेशींना आकर्षित करणारा अत्यंत प्रभावी संकेत आहे. सी५बी हा सी६ ते सी९ या प्रथिनांसह पटल-आक्रमक संकुल बनवतो. हे संकुल लक्ष्य पेशीच्या पटलाला छिद्र पाडते.

शरीराच्या स्वतःच्या पेशींना या हल्ल्यापासून वाचवण्यासाठी घटक एच, घटक आय, सीडी४६, सीडी५५ व सीडी५९ ही नियामक प्रथिने असतात. सक्रियता आणि नियमन यांतील तोल बिघडला की प्रणाली स्वतःच्याच ऊतींवर उलटते.

पूर्वीच्या कोरोनाविषाणूंवरील अभ्यास

कोव्हिड-१९ची साथ येण्यापूर्वीच कोरोनाविषाणूंच्या संदर्भात पूरक प्रणालीचा अभ्यास झाला होता. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये सार्स विषाणूवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सी३ नसलेल्या उंदरांमध्ये फुप्फुसांची हानी, श्वसनातील बिघाड आणि वजनातील घट सामान्य उंदरांपेक्षा कमी होती. दोन्ही गटांच्या फुप्फुसांतील विषाणूचे प्रमाण मात्र सारखेच होते. म्हणजेच झालेली इजा केवळ विषाणूमुळे नव्हे, तर शरीराच्या प्रतिसादामुळेही होती. त्याच वर्षी मर्स विषाणूने बाधित उंदरांमध्ये सी५एचा परिणाम रोखल्यास फुप्फुसांची हानी कमी होते, असे दुसऱ्या अभ्यासात आढळले.

कोव्हिड-१९ मधील सक्रियतेचे मार्ग

सार्स-कोव्ह-२ मुळे तिन्ही मार्ग कार्यान्वित होऊ शकतात. विषाणूवरील काटा प्रथिनावर (स्पाइक प्रथिन) मोठ्या प्रमाणात शर्करासाखळ्या असतात व त्या लेक्टिन मार्गातील प्रथिने ओळखतात. मॅनोज-बंधक लेक्टिन काटा प्रथिनाला चिकटून प्रयोगशाळेत विषाणूच्या संसर्गाला अटकाव करते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या प्रथिनाच्या जनुकातील भेदांचा आजाराच्या तीव्रतेशी संबंधही त्यात नोंदवला गेला.

काटा प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेटला चिकटते. याच ठिकाणी घटक एच हा नियामकही चिकटत असल्याने त्याच्या कार्यात अडथळा येतो आणि पर्यायी मार्ग मोकळा होतो, असे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. घटक डीला रोखणारे द्रव्य वापरले असता प्रयोगशाळेत ही क्रिया थांबली.

आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते आणि अभिजात मार्गालाही चालना मिळते. अनेक रुग्णांची प्रकृती याच सुमारास खालावते.

पूरक प्रथिने केवळ यकृतातून येतात असेही नाही. बाधित श्वसनमार्गाच्या पेशी स्वतःच सी३ तयार करून पेशीच्या आतच सक्रिय करतात, असे २०२१ मधील एका अभ्यासात आढळले. ही क्रिया इंटरफेरॉनच्या संकेतमार्गातील जेएके विकरांवर अवलंबून असते. त्यामुळे रक्तातील मोजमापांवरून फुप्फुसातील स्थितीचा पूर्ण अंदाज येईलच असे नाही.

आजारातील परिणाम

फुप्फुसे व रक्तवाहिन्या

न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये पाच तीव्र रुग्णांच्या ऊतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत आणि त्वचेवरील जांभळट चट्ट्यांच्या ठिकाणी पटल-आक्रमक संकुल, सी४डी आणि मास्प-२ साचलेले त्यांना आढळले. तीव्र कोव्हिड-१९ हा काही रुग्णांत फुप्फुसापुरता मर्यादित न राहता सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार बनतो, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला.

सी५एमुळे न्यूट्रोफिल व मोनोसाइट या पेशी फुप्फुसांकडे खेचल्या जातात, केशवाहिन्यांची पारगम्यता वाढते आणि वायुकोशांत द्रव साचतो. फ्रान्समधील संशोधकांनी २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात रक्तातील सी५एचे प्रमाण आजाराच्या तीव्रतेनुसार चढत गेलेले दिसले. नॉर्वेतील रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९ रुग्णांच्या अभ्यासात पूरक प्रणालीच्या सक्रियतेच्या खुणा आणि श्वसननिकामी अवस्था यांचा संबंध आढळला.

रक्त गोठण्याची प्रक्रिया

पूरक प्रणाली आणि रक्त गोठवणारी यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या आहेत. थ्रॉम्बिन हे गोठणप्रक्रियेतील विकर सी५चे विभाजन करू शकते, तर मास्प-२ हे प्रोथ्रॉम्बिनचे विभाजन करू शकते. सी५एच्या प्रभावाने न्यूट्रोफिल पेशी डीएनएचे जाळे बाहेर टाकतात आणि त्या जाळ्यावर ऊती घटक हे गोठणप्रक्रिया सुरू करणारे प्रथिन असते. पटल-आक्रमक संकुलामुळे रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर दुखावला की तेथे बिंबाणू चिकटू लागतात. दाह आणि गुठळ्या अशा रीतीने एकमेकांना वाढवत राहतात.

टी पेशी

तीव्र आजारात सी३एच्या प्रभावाने विशिष्ट प्रकारच्या मारक टी पेशी तयार होतात आणि त्या अंतःस्तराच्या पेशींना इजा करतात, असे जर्मनीतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. जन्मजात प्रतिकारक्षमतेतील बिघाडाचा परिणाम अर्जित प्रतिकारक्षमतेवरही होतो, हे त्यावरून दिसते.

जोखमीचे घटक

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ११,००० संशयित रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. वयोमानपरत्वे होणारा दृष्टिपटलाचा मध्यबिंदू-ऱ्हास हा नेत्रविकार पूरक प्रणालीच्या अतिसक्रियतेशी संबंधित आहे. हा विकार असलेल्या व्यक्तींमध्ये कोव्हिड-१९ मुळे गंभीर परिणामांचा धोका अधिक आढळला. पूरक व गोठणप्रक्रियेशी संबंधित जनुकांतील काही भेदही तीव्र आजाराशी निगडित असल्याचे त्यात दिसले.

निदान व मोजमाप

सी३ व सी४ यांची रक्तातील एकूण पातळी अनेक प्रयोगशाळांत मोजली जाते, परंतु कोव्हिड-१९ मध्ये ती दिशाभूल करणारी ठरू शकते. दाहाच्या काळात यकृत सी३ अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे ते मोठ्या प्रमाणात खर्च होत असूनही एकूण पातळी सामान्य दिसू शकते. म्हणून सक्रियतेतून निर्माण होणारे सी३ए, सी५ए व विद्राव्य सी५बी-९ हे अंश मोजणे अधिक उपयुक्त मानले जाते.

रक्त काढल्यानंतर नळीतही पूरक प्रथिने सक्रिय होऊ शकतात. त्यामुळे नमुना ईडीटीए असलेल्या नळीत घेणे, तो थंड ठेवणे आणि रक्तद्रव लवकर वेगळे करून गोठवणे आवश्यक असते. ही काळजी न घेतल्यास खोटी वाढ दिसते.

उपचार

कोव्हिड-१९च्या साथीत पूरक प्रणालीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर अटकाव करणारी औषधे वापरून पाहण्यात आली.

सी३ आणि मास्प-२ रोधक

कॉम्पस्टॅटिन या सी३-रोधक पेप्टाइडचा शोध १९९६ मध्ये अरविंद साहू, ब्रायन के आणि जॉन लॅम्ब्रिस यांनी प्रसिद्ध केला. साहू यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पूरक प्रणालीवरील संशोधन सुरू ठेवले. कॉम्पस्टॅटिनपासून विकसित केलेले एएमवाय-१०१ हे औषध २०२० मध्ये इटलीतील एका गंभीर रुग्णाला देण्यात आले व त्याची प्रकृती सुधारली. इटलीतीलच बेर्गामो येथे सहा रुग्णांना मास्प-२ रोखणारे नार्सोप्लिमॅब देण्यात आले आणि ते सर्व बरे झाले. या दोन्ही अनुभवांत तुलनेसाठी यादृच्छिक गट नसल्याने त्यांवरून परिणामकारकता सिद्ध होत नाही.

सी५ रोधक

एक्युलिझुमॅब हे औषध रक्तपेशी नष्ट करणाऱ्या एका दुर्मीळ आजारासाठी अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. कोव्हिड-१९च्या आरंभीच्या काळात काही रुग्णांना ते देण्यात आले. त्याच गटातील रॅव्ह्युलिझुमॅबची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी कृत्रिम श्वसनावरील रुग्णांवर घेण्यात आली. मध्यंतरीच्या विश्लेषणात लाभ न दिसल्याने जानेवारी २०२१ मध्ये त्या चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले.

सी५ए रोधक

विलोबेलिमॅब हे प्रतिपिंड सी५एला बांधते, परंतु पटल-आक्रमक संकुल तयार होऊ देते. त्यामुळे जीवाणूंविरुद्धचे एक महत्त्वाचे संरक्षण कायम राहते. ‘पानामो’ या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत कृत्रिम श्वसनावरील ३६८ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण झाले. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण विलोबेलिमॅब गटात सुमारे ३२ टक्के, तर निष्क्रिय द्रव्य दिलेल्या गटात सुमारे ४२ टक्के होते. पूर्वनिश्चित मुख्य विश्लेषणात, म्हणजे रुग्णालयांनुसार गट पाडून, हा फरक सांख्यिकीय कसोटीला उतरला नाही. गट न पाडता केलेल्या विश्लेषणात मात्र तो उतरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये या औषधाला आपत्कालीन वापराची अनुमती दिली. कृत्रिम श्वसन किंवा एक्मो सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू करण्याची अट त्यात आहे. युरोपीय संघात जानेवारी २०२५ मध्ये त्याला अपवादात्मक परिस्थितीतील मान्यता मिळाली.

मर्यादा व धोके

पूरक प्रणाली रोखल्याने इतर संसर्गांचा धोका वाढतो. विशेषतः सी५-रोधकांमुळे मेनिंगोकॉकस जीवाणूच्या गंभीर संसर्गाची शक्यता वाढते. म्हणून इतर आजारांत ही औषधे देताना शक्यतो आधी लस दिली जाते. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या बाबतीत लशीचा परिणाम होईपर्यंत थांबणे शक्य नसल्याने प्रतिजैविकांचा आधार घ्यावा लागतो. उपचाराची वेळ हाही कळीचा मुद्दा आहे. फार लवकर अटकाव केल्यास विषाणूविरुद्धचे संरक्षण दुबळे होण्याची भीती असते, तर फार उशिरा केल्यास झालेली हानी भरून येत नाही.

दीर्घकालीन कोव्हिड

झुरिक येथील संशोधकांनी ११३ रुग्णांचा संसर्गानंतर १२ महिन्यांपर्यंत पाठपुरावा करून जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लक्षणे टिकून राहिलेल्या रुग्णांच्या रक्तात पूरक प्रणालीतील अंतिम टप्प्याचा बिघाड, ऊतींना होणारी इजा आणि गुठळ्यांची प्रवृत्ती यांच्या खुणा आढळल्या. थकवा व श्रमानंतरची गळून जाण्याची अवस्था यांसारख्या लक्षणांचे प्रयोगशाळेत निदान करता येणे अवघड असल्याने अशा खुणांना महत्त्व आहे. मात्र हा बिघाड लक्षणांचे कारण आहे की परिणाम, हे केवळ अशा निरीक्षणांवरून ठरत नाही.

हेही पाहा

• कोव्हिड-१९
• प्रतिपिंड
• जन्मजात प्रतिकारक्षमता
• तीव्र श्वसन त्रास लक्षणसमूह
• रक्त गोठणे