कावेरीचा महाकाय महसीर आणि सुट्टीतल्या पाहुण्यांची नोंदवही

१/
कर्नाटकात, बंगळूरूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीच्या काठी गालिबोरे नावाचे ठिकाण आहे. १९९८ ते २०१२ या काळात सुट्टीसाठी येथे आलेल्या हौशी मंडळींनी ६,१६१ महसीर मासे गळाने पकडले, तोलले, वहीत नोंदवले आणि पुन्हा नदीत सोडले. या नोंदींनी पुढे एका महाकाय माशाचा ऱ्हास उघड केला. त्या ऱ्हासाचा एक धागा थेट लोणावळ्यापर्यंत येतो.

२/
गळाचा छंद दख्खनला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ.स. ११३१ च्या सुमारास) या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र विषय आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोरी यांची माहिती त्यात येते. मासा गळाला लागायचा असेल, तर आधी त्याच्या सवयी जाणून घ्याव्या लागतात, हे तेव्हाही ठाऊक होते.

३/
इंग्रजी अमदानीत या छंदाला नवे रूप आले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि महसीरची कीर्ती साहेबी वर्तुळात पसरली. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले.

४/
महसीरच्या अनेक जातींत कावेरीचा मासा आगळा होता. सोनेरी झाक, नारिंगी पर आणि डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील डी वेट व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी कबिनी येथे १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने काढला. हे घराणे मृत प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरण्याच्या कलेसाठी जगप्रसिद्ध होते.

५/
मात्र नदी बदलत होती. शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या महसीरच्या वाटा अडल्या. कायदा असूनही डोहांत दारूचे स्फोट होतच राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत हा मासा जवळजवळ संपला, असा समज पसरला.

६/
१९७२ मध्ये ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि कावेरीच्या काही भागाची राखण सुरू झाली. १९७७ मध्ये तीन तरुण ब्रिटिश महसीरच्या शोधात भारतात आले. कावेरीत त्यांना प्रचंड मासे मिळाले. ही वार्ता पसरताच परदेशी हौशींची पावले कावेरीकडे वळू लागली.

७/
गालिबोरे, भीमेश्वरी आणि दोड्डमाकळी येथे मत्स्यशिबिरे उभी राहिली. दिनक्रम ठरलेला असे. भल्या सकाळी बांबूच्या गोल होडीतून खडकाळ डोहाकडे जायचे, नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावायचा आणि वाट पाहायची. सोबतीला स्थानिक वाटाडे असत. त्यांतील काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे होते. डोहांची जी माहिती त्यांनी पूर्वी शिकारीसाठी वापरली, तीच आता माशांच्या रक्षणासाठी कामी येऊ लागली.

८/
शिबिराचा मुख्य नियम ‘पकडा आणि सोडा’ असा होता. मासा गळाला लागला की त्याचे वजन करायचे आणि त्याला जिवंत पाण्यात सोडायचे. मग वहीत नोंद व्हायची. पाहुण्यांना स्वतःच्या पराक्रमाची आठवण हवी होती, तर शिबिराला आपल्या लौकिकाचा पुरावा. विज्ञानाची सेवा हा हेतू त्या नोंदींमागे सुरुवातीला नव्हता.

९/
इतिहासाच्या अभ्यासकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पेशवे दफ्तरातील जमाखर्चाचे कागद पुढच्या पिढ्यांसाठी लिहिलेले नव्हते. म्हणूनच बखरकार जे सांगत नाही, ते हे कागद सांगतात. शिबिराची नोंदवही याच जातकुळीची. ज्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात दडले होते, तो प्रश्न ती लिहिणाऱ्यांनी कधी विचारलाच नव्हता.

१०/
शास्त्रज्ञांना ही वही अमोल वाटली, कारण महसीरची गणना अतिशय अवघड असते. खोल डोह, वेगवान धार आणि पाण्याखालचे खडक यांमुळे तेथे जाळे चालत नाही. याउलट शिबिरात एकाच पट्ट्यात, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे मासेमारी झाली होती. इंग्लंडमधील बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर व रॉबर्ट ब्रिटन आणि केरळचे राजीव राघवन यांनी या नोंदी अभ्यासाला घेतल्या.

११/
पंधरा वर्षांत २३,६२० तास गळ टाकले गेले होते. सरासरी काढली तर सुमारे चार तासांना एक मासा पडतो. सर्वांत लहान मासा एक पौंडाचा, तर सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. दर तासामागे किती मासे मिळाले, हे वर्षवार मांडले असता आलेख चढता दिसला. मासे वाढत होते आणि त्यांचे सरासरी वजन घटत होते, म्हणजे नव्या पिढीची भरती जोमात होती. राखण सफल झाली, असे हे आकडे सांगत होते.

१२/
पण ‘महसीर वाढले’ हे विधान अपुरे होते. कोणता महसीर वाढला? त्याच नोंदी जातींनुसार वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा चित्र पालटले. वाढ झाली होती ती निळ्या परांच्या महसीरची. वशिंडाचा नारिंगी महसीर वर्षागणिक विरळ होत होता. जे मोजके सापडत, ते बहुधा थोराड असत. म्हातारे उरले होते, पिल्ले दिसत नव्हती. घर भरलेले दिसावे, पण त्यात मूळ कुटुंबाचे एकही मूल नसावे, तशी ही अवस्था होती.

१३/
निळ्या परांचा हा मासा मूळचा कावेरीचा नव्हता. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. दख्खनच्या माशांना नावे देताना साइक्स यांनी स्थानिक बोलीतील शब्दच लॅटिन साच्यात बसवले होते. ‘खुद्री’ हा त्यांपैकीच एक.

१४/
लोणावळ्याचा संबंध येथे येतो. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. पुढे १९७० च्या सुमारास वळवण येथे टाटांच्याच मत्स्यबीज केंद्रात टॉर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचे या कामात मोठे योगदान होते. आटत चाललेल्या माशाला वाचवण्याचा तो प्रामाणिक आणि यशस्वी प्रयत्न होता.

१५/
या केंद्रातील बोटुकली इतर राज्यांतही गेली आणि कावेरीतही सोडली गेली. ‘महसीर म्हणजे महसीर’ अशी त्या काळची समजूत होती. नदीगणिक जाती वेगळ्या असू शकतात, एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात परका ठरू शकतो, याचा विचार त्या वेळी झाला नाही. उत्तर सह्याद्रीतील एका माशाला वाचवण्याचे यश दक्षिणेतील दुसऱ्या माशावर संकट होऊन आले.

१६/
त्याहून विलक्षण बाब पुढेच आहे. कावेरीच्या या जगप्रसिद्ध माशाला सर्वमान्य शास्त्रीय नावच नव्हते. काही अभ्यासक त्याला ‘मुसुल्लाह’ म्हणत. तेही नाव साइक्स यांचेच, शिरूरजवळच्या घोडनदीतील माशाला दिलेले. पुढील संशोधनात तो मासा महसीर नसून वेगळ्याच कुळीचा असल्याचे दिसले. ज्या प्राण्याचे नाव निश्चित नाही, त्याला संकटग्रस्तांच्या यादीत स्थान मिळत नाही.

१७/
२०१८ मध्ये हा गुंता सुटला. कावेरी खोऱ्यातील मोयार नदीत वशिंडाचा महसीर अद्याप तग धरून होता. त्याची शरीररचना आणि डीएनए तपासता तो ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा ठरला. केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतल्या लहान नमुन्यांवरून ही जात आधीच वर्णिली गेली होती. तिचे नाव मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या गौरवार्थ आहे. या संशोधनात पुण्याचे नीलेश डहाणूकरही सहभागी होते.

१८/
नाव मिळताच संरक्षणाची दारे उघडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, या माशाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली. त्यापुढची पायरी नैसर्गिक अधिवासातून नामशेष होण्याची. दुसरीकडे पूर्वी ‘संकटग्रस्त’ गणला गेलेला टॉर खुद्री नव्या मूल्यमापनात ‘किमान चिंता’ या वर्गात आला. एकाच नदीतले दोन मासे यादीच्या दोन टोकांना गेले.

१९/
मधल्या काळात शिबिरातील गळ थांबले होते. गालिबोरेचा पट्टा कावेरी अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात गळाने मासा पकडणे, तो सोडून दिला तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारच ठरते, असा अर्थ लावला गेला. माशाच्या तोंडात गळ अडकवून करमणूक करावी का, हा आक्षेप गंभीर आहे. पण गळ थांबल्याने वहीही थांबली. वाटाड्यांचे उत्पन्न गेले आणि डोहांवरची रोजची नजरही गेली.

२०/
या इतिहासातून दोन धडे मिळतात. एक, सद्हेतूने केलेली भरही चुकीच्या जागी घातली तर तिने मूळचे बुडू शकते. दुसरा, निव्वळ एकूण संख्येवर विसंबून चालत नाही. बेरीज वाढत असतानाच त्या बेरजेतील एक घटक शून्याकडे जात असू शकतो. कावेरीत नेमके तेच घडत होते. ते जगाला कळले, कारण सुट्टीवर आलेल्या काही अनोळखी माणसांनी मासा सोडण्यापूर्वी त्याचे वजन लिहून ठेवले.