'शुहूर सन' : एका कालनिर्देशक शब्दप्रयोगाचा अर्थ व उगम

मराठेकालीन मोडी कागदपत्रे वाचावयास घेतली की 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' अशा धर्तीची अक्षरे समोर येतात. नवख्या अभ्यासकास ती एखाद्या मंत्रासारखी वाटतात. 'सु॥' हे 'सुहूर' किंवा 'शुहूर सन' याचे लघुरूप होय. पुढील शब्द अरबी संख्यावाचक असून ते एककाकडून सहस्राकडे वाचावयाचे असतात. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर व अलफ हजार; एकूण ११६१. आकडा असा उलगडतो, परंतु 'शुहूर' या शब्दाचे प्रयोजन तितक्या सहज उलगडत नाही.

अरबीत 'शहर' म्हणजे महिना व 'शुहूर' हे त्याचे अनेकवचन. ('नगर' या अर्थाचा आपला 'शहर' हा शब्द फारसीतून आलेला, निराळा.) 'सन' म्हणजे वर्ष. तेव्हा शब्दशः अर्थ होतो 'महिन्यांचे वर्ष'. पण महिन्यांचे नसलेले वर्ष कोणते? 'शाहूर सन' या रूपावरून छत्रपती शाहूंचे नाव आठवते. तथापि निजामशाही व आदिलशाहीच्या काळातही हा सन रूढ होता, त्यामुळे तो संबंध संभवत नाही. अरबी लेखांत 'अमुक सनाच्या महिन्यांत' या अर्थी 'फी शुहूर सने' अशी कालनिर्देशाची ठरीव शब्दरचना आढळते. तिचाच आरंभ दक्षिणेतील कारकुनांच्या लेखणीत कालगणनेचे नाव होऊन बसला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वर्षाचा आकडा अंकांत न लिहिता अरबी शब्दांतच लिहिण्याची प्रथा या तर्कास पोषक आहे.

नाव महिन्यांचे असले तरी वर्ष मात्र सूर्याचे आहे. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा ते बदलते. म्हणूनच त्यास 'मृगसाल' असेही म्हणतात. हिजरी चांद्रवर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते, आणि पेरणी व सारावसुली तर पावसाच्या मागे चालते. शुहूर सनात ५९९ (जानेवारीपासून मृगापर्यंत ६००) मिळविले की इसवी सन मिळतो. हा फरक मागे नेल्यास दोन्ही गणना हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ या वर्षी जुळतात. ती महंमद तुघलकाची कारकीर्द असल्याने उगमाचे श्रेय परंपरेने त्यास दिले जाते. तथापि गणितावरून वर्ष निश्चित होते, कर्ता नव्हे, हा भेद आपल्याकडे पुरेसा पाळला गेलेला नाही.

गोंधळात भर पडते ती पत्रांतील मिश्र पद्धतीमुळे. तारीख व महिना हिजरी चांद्रमानाचा, वर्ष मात्र शुहूर. वर उल्लेखिलेला ११६१ हा पानिपतच्या युद्धाचा, जानेवारी १७६१ चा, शुहूर सन आहे. त्या वेळी हिजरी ११७४ चालू होते. शेजारी रजब वा जमादिलाखर पाहून कोणी ११६१ हाच हिजरी सन मानला तर उत्तर येते १७४८, आणि दक्षिणी फसली मानला तर १७५१-५२. पहिल्या हिशेबाने पानिपतच्या छावणीतील पत्र शाहू छत्रपतींच्या हयातीत लिहिले गेल्याचे ठरेल. त्यांचे निधन डिसेंबर १७४९ मध्ये झाले.