बिबट्या बेडूक : प्रादेशिक भेद

उत्तर अमेरिकेत कॅनडापासून थेट मेक्सिकोच्या पलीकडे आढळणारे, पाठीवर गडद ठिपके असलेले बेडूक. हे सारे ‘राना पायपियन्स’ या एकाच जातीचे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक तज्ज्ञ मानत. श्रेबर यांनी 1782 मध्ये वर्णिलेल्या या जातीत ठिपके, रंग आणि आकारमान प्रदेशागणिक बदलते. मात्र डोळ्यांना दिसणारा फरक आणि जनुकांतला फरक सोबतच वाढतात असे नाही, हे या बेडकांनी जितके स्वच्छ दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल. मिनेसोटा व आसपासच्या काही बेडकांच्या पाठीवर ठिपके जवळजवळ नसतातच. 1922 मध्ये त्यांना ‘राना बर्न्सी’ ही स्वतंत्र जाती ठरवण्यात आले. पुढे जॉन मूर यांनी संकर घडवून पाहिले, तेव्हा हा ठळक भेद एकाच प्रभावी जनुकाचा निघाला. ठिपकेवाली आणि बिनठिपक्यांची भावंडे एकाच मादीच्या अंड्यांतून निपजू शकतात.

मूर यांच्याच दुसऱ्या प्रयोगांत याच्या उलट घडले. व्हरमाँट आणि फ्लॉरिडाचे बेडूक दिसायला बरेच सारखे. पण व्हरमाँटची अंडी 5 अंश सेल्सियसच्या आसपासच्या गार पाण्यातही नीट वाढत, फ्लॉरिडाची अंडी मात्र जास्त उबदार पाणी सोसत. उत्तरेच्या मादीची अंडी दक्षिणेच्या नराने फलित केली, तर भ्रूणाचे डोके प्रमाणाबाहेर मोठे होई. नर-मादी अदलाबदल केले की लहान राही. लगतच्या प्रदेशांतले बेडूक मात्र सहज संकरित होत. म्हणून ही हवामानाशी जुळवून घेत गेलेल्या एकाच जातीची साखळी आहे, असे मूर यांचे मत पडले. हा युक्तिवाद वजनदार आहे. तरी प्रयोगशाळेत संकर होतो म्हणून तळ्यावरही होतो असे नाही. 1968 मध्ये लिटलजॉन आणि ओल्डहॅम यांनी नरांच्या हाका ध्वनिमुद्रित करून तपासल्या, तेव्हा त्यांत चार स्पष्ट प्रकार आढळले. मादी हाकेवरून नर ओळखते. त्यामुळे एकाच पाणथळीत राहूनही हे गट बहुतांशी वेगळे राहतात. आज या समूहात दोन डझनांच्या आसपास जाती मानल्या जातात.

त्यांतली एक खुद्द न्यूयॉर्क शहरात होती. इथे बिबट्या बेडकांचे तीन प्रकार आहेत, असे कार्ल कॉफेल्ड यांनी 1930च्या दशकात लिहिले होते. ते कोणी मनावर घेतले नाही. जनुके आणि ‘चक’ अशी तुटक हाक तपासल्यावर 2014 मध्ये ‘राना कॉफेल्डाय’ ही जाती मान्य झाली. दरम्यान तिच्या कितीतरी दलदली बुजवल्या गेल्या. नाव नसलेल्या जातीची घट कोणी मोजत नाही, आणि इथे खरे नुकसान झाले ते असे.

मग जनुकांत फरक दिसला की लगेच नवी जाती मानायची का? तसेही नाही. खऱ्या ‘राना पायपियन्स’चे तंतुकणिकेच्या डीएनएवरून साधारण मिसिसिपी नदीच्या दोन बाजूंना पूर्व व पश्चिम असे दोन गट पडतात. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. हिमयुगात दुरावलेल्या मातृवंशांची खूण तो पुढे जपू शकतो. हाकेचा वा प्रजननाचा अडसर सिद्ध झालेला नसताना तेवढ्यावर जाती तोडणे घाईचे ठरेल. संवर्धनात मात्र दोन्ही गट स्वतंत्र धरावेत आणि पूर्वेचे बेडूक पश्चिमेच्या रिकाम्या तळ्यांत सोडू नयेत.