उलट्या तोंडाने धावणारी इंजिनं

डब्लिनमध्ये नोकरी लागली आणि मी ब्रे गावात भाड्याने राहू लागलो. ब्रे शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठी आहे. रोज सकाळी ‘डार्ट’ म्हणजे इथली लोकल पकडायची, खिडकीतून समुद्र बघत ग्रँड कॅनॉल डॉकला उतरायचं आणि ऑफिस गाठायचं. बऱ्याच गाड्या ब्रेलाच संपतात. चालक उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि मागचा डबा पुढचा होतो. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय! पण एकदा थंडीत कुडकुडत गाडीची वाट बघताना प्रश्न पडला: वाफेच्या इंजिनाच्या काळात हे कसं जमायचं?

कारण हा मार्ग फार जुना आहे. डब्लिन ते किंग्जटाउन ही आयर्लंडमधली पहिली रेल्वे १७ डिसेंबर १८३४ रोजी सुरू झाली. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही अठरा वर्षं आधी. अंतर जेमतेम सहा मैल. किंग्जटाउन म्हणजे आजचं डन लीरी. राहायचं समुद्राकाठी, कामाला जायचं शहरात, ही सवय या गाडीने लावली. १८५४मध्ये गाडी ब्रेपर्यंत पोचली.

आता अडचण बघा. लांब पल्ल्याच्या वाफेच्या इंजिनामागे कोळसा आणि पाणी भरलेली वेगळी गाडी असते, टेंडर. असं इंजिन उलटं चालवलं की चालकाच्या समोर टेंडर येतं, पुढचं नीट दिसत नाही आणि कोळशाची धूळ तोंडावर उडते. म्हणून प्रवास संपला की इंजिन टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर नेऊन वळवायचं. दोनशे किलोमीटर धावून आल्यावर हे परवडतं. पण दर थोड्या वेळाने फिरणाऱ्या लोकलला कसं परवडणार?

उत्तर होतं टँक इंजिन. टेंडर काढून टाकायचं. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या आणि कोळसा चालकाच्या पाठीमागच्या छोट्या कप्प्यात ठेवायचा. गाडी ब्रेला आली की इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जायचं आणि न वळता, उलट्या तोंडाने गाडी ओढत परत निघायचं. या मार्गावरच्या कितीतरी इंजिनांची चाकं २-४-२ अशी होती: पुढे दोन लहान, मध्ये चार मोठी, मागे पुन्हा दोन लहान. सुलट काय नि उलट काय, इंजिनाला दोन्ही सारखंच.

याचा आणखी एक फायदा होता. पाण्याचा बराचसा भार ओढणाऱ्या चाकांवर पडायचा, त्यामुळे चाकं घसरत नसत आणि दर स्टेशनवर थांबून चटकन सुटता यायचं. तोटाही त्यातच होता. टाकी लहान, कप्पा लहान, म्हणून ही इंजिनं लांब जाऊ शकत नसत. त्यांचं सगळं आयुष्य त्याच दहा-वीस किलोमीटरांत जायचं. आपल्यासारखंच!

यातली बरीच इंजिनं ग्रँड कॅनॉल स्ट्रीटवरच्या छोट्या कारखान्यात बांधली गेली. आज त्याच भागात आम्ही लोक लॅपटॉप घेऊन बसतो. १८४१मध्ये इथे ‘प्रिन्सेस’ नावाचं इंजिन तयार झालं. स्वतःची इंजिनं स्वतः बांधणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या रेल्वे कंपन्यांमध्ये या कंपनीचं नाव घेतलं जातं.

१९२५मध्ये रेल्वे कंपन्या एकत्र झाल्या आणि काम शहराच्या पश्चिमेकडच्या इंचिकोरला गेलं. तिथे १९२८मध्ये ८५० क्रमांकाचं मोठं २-६-२ टँक इंजिन खास या उपनगरी गाड्यांसाठी बांधलं. त्या नमुन्याचं दुसरं कधीच झालं नाही. १९३३मध्ये ०-६-२ चाकांची पाच इंजिनं आली, ६७० ते ६७४.

तोवर स्पर्धक आला होता. १९३२पासून याच मार्गावर जेम्स ड्रम यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या धावू लागल्या. महायुद्धात ब्रिटनमधून येणारा कोळसा आटला. वाफेच्या इंजिनांना चुरा आणि पीटवर, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट इंधनावर, दिवस काढावे लागले, गाड्या कमी झाल्या. ड्रमच्या गाड्या मात्र शॅनन नदीच्या विजेवर चालत राहिल्या. १९४९मध्ये त्याही थांबल्या. पुढे डिझेल आलं आणि १९६३मध्ये आयर्लंडच्या सरकारी रेल्वेवरची वाफ संपली. ‘डार्ट’ची वीज आली १९८४मध्ये. मुंबईत विजेची लोकल १९२५मध्येच धावली होती!

मग ती इंजिनं कुठे गेली? मी शोधायला लागलो. बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात ‘मेव्ह’ दिमाखात उभी आहे. डब्लिन-कॉर्क एक्सप्रेससाठी १९३९मध्ये बांधलेली राणी. तिथेच दोन उपनगरी टँक इंजिनंही आहेत, एक बेलफास्टकडचं आणि एक डंडॉकला बांधलेलं. पण ब्रेच्या मार्गाचं? एकही नाही. ८५० मोडीत गेलं, ती पाचही गेली. या मार्गाच्या जुन्या कंपनीचं एकच इंजिन उरलंय, क्रमांक ४६१, आणि तेही टेंडर लावलेलं, मालगाडीचं.

लांबच्या प्रवासाचं इंजिन लोकांच्या लक्षात राहतं. ते वर्षातून एकदा भेटतं, त्यात सुट्टी असते, निरोप असतो. रोज ऑफिसला पोचवणाऱ्या इंजिनाकडे कोण मान वर करून बघणार? ते वेळेवर आलं तर दिसत नाही, उशिरा आलं तर शिव्या खातं. जे रोज लागतं ते जपायचं असतं, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

हल्ली ब्रेला चालक फलाटावरून चालत निघाला की मी मोबाइल खिशात ठेवतो आणि गाडी सुटेपर्यंत बघत राहतो.