डोळे राखणाऱ्यांचा सांभाळ

वऱ्हाडांतील जुन्या गांवगाड्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना आपापलें बलुतें होतें. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील जानेफळासारख्या गांवांचा व्यवहार याच पद्धतीवर चाले. जातींच्या बंधनांमुळें ती पद्धति अनेकांच्या गळ्याचा फांस झाली, हें खरें. परंतु तिचा एक गुण सहसा सांगितला जात नाहीं. सुताराचा हात थकला, भट्टीपुढें बसून लोहाराला दिसेनासें झालें, तरी त्याचें वतन सुटत नसे. मुलगा किंवा पुतण्या काम पुढें चालवी आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरचा वांटा घरीं येई. आजारपण, म्हातारपण आणि वैधव्य या तिन्ही संकटांची थोडीबहुत तरतूद त्या वांट्यांत होती.

बारा बलुत्यांच्या यादींत वैद्याचें नांव मात्र नाहीं. मग डोळ्यांवर इलाज करणाऱ्याचें कोठून असणार? पेशवाईंत कांहीं वैद्यांना लोकांस औषध देण्याबद्दल इनामें मिळालीं. पण ती राजकृपा होती. गांवाच्या धान्यावर त्यांचा हक्क नव्हता.

या उणिवेचा परिणाम काय झाला, तें मोतीबिंदूच्या इतिहासांत दिसतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत या विकारावरील शस्त्रक्रियेचें वर्णन आहे. पुढें ही विद्या फिरत्या वैद्यांच्या हातीं राहिली. बारीक सळई डोळ्यांत घालून गढूळ झालेलें भिंग दृष्टीच्या मार्गांतून खालीं सारावयाचें, अशी त्यांची रीत. भिंग सरकलें कीं रोग्याला उजेड दिसे आणि घरचीं माणसें हरखून जात. परंतु भिंग डोळ्यांतच राहिल्यामुळें पुढें दाह होई व कित्येकदां कायमचें अंधत्व येई. तोंवर वैद्य दुसऱ्या गांवीं गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत या क्रियेवर ग्रंथ लिहून तिचे अपाय उघड केले. त्या वैद्यांचा धिक्कार पुष्कळ झाला व तो योग्यच होता. तथापि त्यांच्या फिरतीचें मूळ केवळ लबाडींत शोधून चालणार नाहीं. ज्याला कोणत्याही खळ्यावर हक्क नाहीं, तो आपल्या कामाचा जाब देण्यासाठीं एका जागीं थांबत नाहीं. आधार आणि जबाबदारी या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत.

हेंच तत्त्व विलायतेंत निराळ्या रूपानें दिसतें. लंडनच्या चष्मे करणाऱ्यांच्या मंडळीला राजा पहिला चार्ल्स याच्याकडून १६२९ सालीं सनद मिळाली. या मंडळीनें १६७१ सालीं २२ डझन निकृष्ट चष्मे जप्त करून लंडन स्टोन नांवाच्या प्रसिद्ध शिळेवर हातोड्यानें फोडविले. वाईट माल फोडणें हें अशा कारागीर-मंडळ्यांचें एक काम. दुसरें काम म्हणजे आपल्यांतील दरिद्री कारागिरास व त्याच्या विधवेस मदत करणें. दोन्ही अधिकार एकाच ठिकाणीं असल्यामुळें सभासद मंडळीचा धाक मानीत व तिला आपलीही मानीत.

वैद्यकाच्या धंद्यांत हा विचार पुढें दोन मार्गांनीं गेला. वैद्यांच्या विधवा व पोरक्या मुलांसाठीं १७८८ सालीं लंडनमध्यें एक संस्था निघाली. तिचा नियम सरळ होता: ज्यानें जिवंतपणीं वर्गणी भरली, त्याच्याच कुटुंबाला मदत. १८३६ सालीं दुसरा वैद्यकीय साहाय्यनिधि स्थापन झाला. आज तो रॉयल मेडिकल बेनिव्होलंट फंड या नांवानें चालू आहे आणि अडचणींत सांपडलेले डॉक्टर, त्यांचीं कुटुंबें व वैद्यकाचे विद्यार्थी यांना मदत करतो. पहिल्या संस्थेचा पाया परस्परांचा करार हा होता, तर दुसरीचा पाया धंद्यांतील बंधुभाव. करारानें मिळणारी रक्कम हक्काची असते, पण वर्गणी न देऊं शकणारा गरीब तिच्या बाहेर राहतो. बंधुभावाची मदत त्याच्यापर्यंत पोंचते, पण ती मागतांना मान खालीं घालावी लागते. आजही असा निधि काढूं पाहणाऱ्यांपुढें हाच प्रश्न असतो.

आपल्याकडे वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. सरकारी दवाखाने निघाले आणि तेथील नोकरदारांना पेन्शनचा आधार मिळूं लागला. खाजगी वैद्य, कंपाउंडर, चष्मेवाला हे मात्र पूर्वीप्रमाणेंच उघड्यावर राहिले. इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ सालीं व नेत्रवैद्यांची अखिल भारतीय संस्था १९३० सालीं जन्माला आली. पुढें मेडिकल असोसिएशनच्या कांहीं प्रांतिक शाखांनीं अशी योजना आंखली कीं, सभासद वारला म्हणजे उरलेल्या प्रत्येकानें ठराविक लहान रक्कम द्यावयाची व ती एकत्र करून त्याच्या कुटुंबास पोंचती करावयाची. खळ्यावरचा वांटा येथें नव्या रूपानें परत आला असें म्हणतां येईल.

परंतु मृत्यु हें एकच संकट नव्हे. डोळ्याचें काम हाताच्या बोटांवर आणि स्वतःच्या नजरेवर चालतें. त्यांपैकीं एक जरी बिघडलें तरी माणूस जिवंतपणीं बेकार होतो. मदुरेचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तरुणपणींच संधिवातानें गांठलें आणि १९४८ सालीं लष्कराची नोकरी सोडावी लागली. वांकड्या बोटांनीं शस्त्र धरण्याचा त्यांनीं पुन्हां अभ्यास केला, लाखावर शस्त्रक्रिया केल्या आणि सेवानिवृत्तीनंतर १९७६ सालीं ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय काढलें. महाराष्ट्रांतील डॉ. तात्याराव लहाने यांचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, तेव्हां १९९५ सालीं त्यांच्या मातोश्री अंजनाबाईंनीं आपलें मूत्रपिंड देऊन त्यांना वांचविलें. त्यानंतर जे. जे. रुग्णालयांत त्यांच्या हातून हजारों गरिबांना दृष्टि मिळाली. या दोन्ही कथा थोर आहेत. पण एकाला अलौकिक जिद्दीनें तारलें, दुसऱ्याला आईनें. प्रत्येकाजवळ तेवढी जिद्द किंवा तशी आई असेलच, असें गृहीत धरून समाजाची व्यवस्था लावतां येत नाहीं.

करोनाच्या सांथीनें हें अधिक उघड केलें. चीनमधील वूहान येथें सांथीची सूचना आपल्या सहकाऱ्यांना देणारे ली वेनलियांग हे नेत्रवैद्य होते. फेब्रुवारी २०२० मध्यें ते त्याच रोगानें वारले, त्या वेळीं त्यांची पत्नी गर्भवती होती. भारत सरकारनें मार्च २०२० मध्यें करोनाशीं झुंजणाऱ्या आरोग्यसेवकांसाठीं ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली. ती त्या एका सांथीपुरती होती. दुकान बंद पडलेल्या चष्मेवाल्याचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता.

आणि खरा कठीण प्रश्न येथेंच आहे. नेत्ररक्षणाच्या धंद्यांत शस्त्रवैद्य हा शिखरावर असतो. त्याच्या खालीं नजर तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट, शिबिरांत रोग्यांची निवड करणारा साहाय्यक, परिचारिका, भिंगें घांसून चौकटींत बसविणारा कारागीर अशी मोठी रांग आहे. अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीं सुरू झाला, तो याच रांगेच्या बळावर खेड्यांपर्यंत गेला. असें असूनही ऑप्टोमेट्रीला राष्ट्रीय कायद्यांत स्थान मिळालें, तें २०२१ च्या संलग्न आरोग्य-व्यवसायांच्या कायद्यानें. ज्याची नोंद नाहीं, त्याला कोणत्या निधीचा सभासद म्हणावयाचें? लंडनच्या मंडळीची वही जशी चष्मे करणाऱ्या कारागिरापासून सुरू झाली, तशी येथील वहीही खालच्या पायरीपासून सुरू झाली पाहिजे.

हा प्रश्न केवळ त्या धंद्यांतील लोकांचा नाहीं. जानेफळच्या म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरला, तर तिचा हित-अहिताचा संबंध या निधीशीं पोंचतो. ज्या शस्त्रवैद्याला काम थांबविल्यास उद्यांच्या जेवणाची भ्रांत पडेल, तो हात कांपूं लागल्यावरही शस्त्र खालीं ठेवण्यास कचरेल. ज्या चष्मेवाल्याला आजारपणाचा आधार नाहीं, तो गांव सोडून शहराची वाट धरील आणि त्याच्या जागीं पुन्हां कोणीतरी फिरता मनुष्य येईल. उलट ज्याच्या घराची काळजी धंदा वाहतो, त्याच्या कामाचा जाब धंदा हक्कानें विचारूं शकतो. डोळे राखणाऱ्यांचा सांभाळ हा अखेर डोळ्यांचाच सांभाळ आहे. आणि त्याची वर्गणी भरण्यासाठीं संकटाची वाट पाहणें, हें धान्य घरांत गेल्यावर खळें सारवण्यासारखें आहे.