प्राणिझुंजी, जुगार आणि कायदा : मुंबई इलाख्यातील एक विसंगती

प्राण्यांच्या झुंजींना कायद्याने प्रथम अटकाव केला तो प्राण्यांच्या यातनांची कणव येऊन नव्हे. इ. स. १८६७ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात उघड्या रस्त्यावर पक्षी वा प्राणी झुंजविणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद सांगितली होती. हा कायदा उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. परंतु मुंबई सरकारच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही तेच कलम आले, व झुंजविणाऱ्यास विनावॉरंट पकडण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. कुत्रा, कोंबडा, एडका असा भेद त्यात नव्हता. कायद्याचा रोख पैजेवर व जमावावर होता. जखमी जनावर त्याच्या दृष्टीस पडलेच नव्हते.

शिवाय शब्द होते ते सार्वजनिक रस्ता व सार्वजनिक जागा एवढेच. हा कायदा जेथे लागू झाला तेथे, समजा मालेगावच्या पेठेत, एखाद्या विणकराने दोन कुत्रे एकमेकांवर सोडले असते तर तो गुन्हेगार ठरला असता. बंद दाराआडच्या झुंजीस किंवा संस्थानिकाच्या प्रांगणास हे कलम लागू पडत नव्हते. बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत (१८५६-१८७०) हत्तींच्या झुंजी हा दरबारी वैभवाचा भाग होता, आणि लुई रूसले ह्या फ्रेंच प्रवाशाने त्यांचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्या मनोरंजनार्थ हत्ती व इतर प्राणी झुंजविण्यात आले. युवराजांच्या स्वतःच्या देशात बैल व कुत्री झुंजविण्यास १८३५ च्या कायद्यानेच मनाई झाली होती! अर्थात तेथेही सरदारांची कोल्ह्यांची शिकार मात्र २००४ चा कायदा होईपर्यंत अबाधित राहिली. गरिबाचा खेळ तो क्रौर्य व श्रीमंताचा तो मर्दुमकी, हा न्याय केवळ हिंदुस्थानचा नव्हे. पुढे कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीही साठमारीचे मैदान बांधविले. समाजसुधारणेत अग्रेसर असलेल्या ह्या राजाला तीत काही वावगे वाटले नाही, यावरून त्या काळी ही दृष्टी किती रुजलेली होती ते कळते.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंज लावणे आणि झुंजीसाठी जागा चालविणे ह्या दोहोंस क्रूरता म्हटले. पहिल्या अपराधास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. त्र्याण्णव वर्षांनंतरही वरची मर्यादा पन्नासच! १८६७ साली विणकरास जबर वाटणारी ही रक्कम आज पैज लावणाऱ्याच्या खिशातील सुट्ट्या पैशांत निघेल.

ह्याचा परिणाम गोव्यात दिसतो. साष्टीतील बैलांची धिरयो ही भातकापणीनंतर रिकाम्या शेतांत भरणारी लोकप्रिय झुंज. एका बैलाने पाठ फिरविली की ती संपते. तोवर शिंगांनी झालेल्या जखमांची गणती कोणी करीत नाही. १९९६ साली एका झुंजीत बैलाच्या हल्ल्याने माणूस दगावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने धिरयो बेकायदा ठरविली. ती थांबली नाही. ती पहाटे, गुपचूप, निरोपानिरोपी करून भरू लागली. विधानसभेत तिला मान्यता देण्याची मागणी अनेकदा झाली, ती परंपरेच्या नावाने.

परंपरेचा हा युक्तिवाद तपासताना पैज वगळून चालणार नाही. जुगारविषयक कायद्याच्या कर्त्यांची दृष्टी अपुरी होती, पण चुकीची नव्हती. झुंजीत पैसा उतरला की मालकाला माघार परवडत नाही, म्हणून जखमी जनावर पुन्हा पुढे ढकलले जाते. हरलेला घरी कर्ज घेऊन जातो, आणि वाद गावातल्या दोन वाड्यांत तेवत राहतो. श्वानझुंजीत तर हे अधिक घडते, कारण ती बंद जागेत, ओळखीच्याच माणसांत होते. गुन्हा उघडकीस येईल ह्या भीतीने फाटलेल्या कानाचा वा मोडलेल्या पायाचा कुत्रा पशुवैद्याकडे नेलाच जात नाही.