कानशिलावरचा डॉप्लर

‘कावीळ डोक्यात गेली’ असं नातेवाईक म्हणतात, ते वैद्यकीयदृष्ट्याही फारसं चुकीचं नसतं. हेपॅटायटिस ए किंवा ईचा विषाणू असो, नाहीतर पॅरासिटामॉलचा अतिरेक. यकृत अचानक निकामी झालं की रक्तातला अमोनिया वाढतो. मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमध्ये त्याचं ग्लुटामिन होतं, मागोमाग पाणी शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी तर जागची हलत नाही, म्हणून आतला दाब चढतो. तो मोजायचा खात्रीचा उपाय म्हणजे कवटीला भोक पाडून आत सेन्सर ठेवणं. पण रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवतं. म्हणजे या रुग्णाच्या डोक्याला ड्रिल लावायचं, तर रक्तस्रावाची भीती.

या दाबावर बाहेरून नजर ठेवणाऱ्या यंत्राचा मूळ पुरुष म्हणजे ख्रिश्चन डॉप्लर. 1842 साली प्रागमध्ये त्याने जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. रंगांचं त्याचं स्पष्टीकरण साफ चुकलं; गतीमुळे लहरींची वारंवारता बदलते, हे तत्त्व मात्र टिकलं. 1845 मध्ये बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उतरेख्तजवळ आगगाडीवर तुतारीवाले बसवले आणि रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे करून ते ध्वनीच्या बाबतीत पडताळलं. शास्त्राच्या इतिहासात इतका वाजतगाजत झालेला प्रयोग विरळाच! पुढे 1950च्या दशकात जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंडने हृदयाची हालचाल आणि रक्ताचा प्रवाह टिपला.

मेंदूपाशी मात्र घोडं अडलं, कारण हाड ध्वनिलहरी गिळून टाकतं. 1982 मध्ये रूने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली: कानशिलाचं पातळ हाड आणि 2 मेगाहर्ट्झच्या कमी वारंवारतेचे स्पंद. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर आकसणाऱ्या धमन्या ओळखायला ते तंत्र लगेच कामी आलं.

यकृतवाल्यांनी ते उसनं घेतलं, पण वाचलं वेगळ्या तऱ्हेने. त्यांचं लक्ष नुसत्या वेगापेक्षा लहरीच्या आकारावर असतं. दाब वाढला की दोन ठोक्यांमधला प्रवाह आधी मंदावतो आणि आलेखाचे सुळके टोकदार होतात. हा फरक आकड्यात मांडणारा निर्देशांक गॉस्लिंग यांचा, मुळात पायाच्या धमन्यांसाठी घडवलेला. दाब फारच चढला तर दोन ठोक्यांमध्ये रक्त उलटं वाहताना दिसतं. डॉप्लर दाबाचा नेमका आकडा सांगत नाही, त्यामुळे एका तपासणीवर विसंबण्यापेक्षा ती पुन्हा पुन्हा करून बदल पाहणं शहाणपणाचं.

काहींच्या कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की तिथून काहीच ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी मिटलेल्या पापणीवर प्रोब ठेवून बुबुळामागच्या दृष्टिमज्जातंतूच्या वेष्टनाची जाडी मोजतात. हे वेष्टन मेंदूच्या आवरणाचाच पुढे आलेला भाग असल्याने आतला दाब वाढला की तेही फुगतं.